गोव्याच्या उकाड्यात न वितळणारी जेली: चायना ग्रास नीट कसं वापरायचं

चायना ग्रास घातलं पण सेटच झालं नाही, किंवा झालं ते रबरासारखं, नाहीतर दुधात धागे धागे तरंगायला लागले. पहिल्यांदा करणाऱ्याच्या वाट्याला या तीनपैकी एक काहीतरी येतंच, आणि मग ते उरलेलं पाकीट डब्याच्या तळाशी जातं ते चवथीच्या साफसफाईलाच बाहेर निघतं. मी गेली सात-आठ वर्षं हे वापरतेय, आमच्या डिचोलीच्या घरात फ्रीज आहे पण मे महिन्यात करंटचा भरवसा नाही, त्यामुळे माझ्यासाठी ही हौस कमी आणि गरज जास्त आहे. म्हणून म्हटलं जे काही शिकले ते एकदा सविस्तर लिहून काढते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. भाच्याच्या वाढदिवसाला मी जिलेटिन घालून आंब्याची जेली केली होती, चांगल्या तीस वाट्या, सकाळी एकदम सुंदर सेट झालेल्या. दुपारी करंट गेला तो दोन-अडीच तास आलाच नाही. संध्याकाळी वाट्या बाहेर काढल्या तर खाली नुसता आंब्याचा रस. आणि त्यात भर म्हणजे सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन विचारलं, हे जिलेटिन कशाचं असतं गं? मी खरं ते सांगितलं, जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात. त्या काही बोलल्या नाहीत पण वाटीला हात लावला नाही, आणि मला खूप वाईट वाटलं कारण श्रावण नसला तरी त्या शाकाहारीच आहेत आणि मी आधी विचार करायला हवा होता. त्या दिवसापासून आमच्या घरी जिलेटिन आणणं बंद.

तर चायना ग्रास म्हणजे आगर-आगर. नावात ग्रास आहे पण गवत नाही, आणि नावात चायना असलं तरी ते चीनचंच असतं असंही नाही. हे समुद्रातलं लाल शेवाळ आहे, जेलिडियम, ग्रॅसिलेरिया अशा जातींचं. आपल्या देशात ते जास्त करून तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून येतं, रामेश्वरम, मंडपम, तो सगळा मन्नारच्या आखाताचा भाग, तिथल्या बायका पाण्यात बुड्या मारून खडकावरचं शेवाळ हाताने काढतात, आणि मदुराईच्या बाजूला त्याचं आगर बनवणारे कारखाने आहेत. आगर हा शब्द मलय भाषेतला. आपल्याकडे आगर म्हटलं की मिठाचं आगर नाहीतर माडांची बाग डोळ्यासमोर येते, आमच्या पेडण्यात आगरवाडा म्हणून गाव आहे तिथे अजून मिठागरं आहेत, पण त्या आगराचा आणि या आगराचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. आणि अगरबत्तीतला अगर तर लाकूड आहे, तो वेगळाच. हे सांगते कारण दुकानात नुसतं आगर द्या म्हटलं की समोरचा गोंधळतो, चायना ग्रास म्हटलं की लगेच काढून देतो.

शेवाळ उकळायचं, गाळायचं, त्या पाण्याची जेली होते, मग ती गोठवायची, वितळू द्यायची आणि सुकवायची, साधारण अशी याची पद्धत. ही पद्धत जपानात सापडली. १६५८ च्या हिवाळ्यात मिनो तारोझाएमोन नावाच्या एका खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली रात्री बाहेर टाकून दिली, थंडीने ती गोठली, दिवसा वितळली, परत गोठली, आणि काही दिवसांनी तिथे हलका सुका पापुद्रा उरला, तो पाण्यात उकळला तर परत जेली, अशी कथा सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली फ्रीझरबद्दल लिहिलंय तिथे उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्दा. चायना ग्रास समजून घ्यायचं म्हणजे दोन तापमानं लक्षात ठेवायची, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. एक, ते पूर्ण विरघळायला उकळीच लागते, आणि एकदा सेट झालेली जेली परत वितळायला साधारण ८५ अंश लागतात. दोन, थंड होताना ते ३५-४० अंशांच्या आसपास सेट होतं, म्हणजे फ्रीज नसला तरी ओट्यावर ठेवलेली वाटी सेट होते, फक्त मे महिन्यात जरा वेळ लागतो. जिलेटिनचं उलट आहे, ते ३५ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. म्हणून ते तोंडात विरघळतं आणि म्हणूनच आपल्या उकाड्यात वाटीतच विरघळतं. युरोपात थंडीत बसून केलेल्या रेसिपी तशाच्या तशा आपल्याकडे चालणार नाहीत, हे मला त्या तीस वाट्यांनी शिकवलं.

आणि हा उकाड्याचा त्रास फक्त आपल्यालाच झाला असं नाही हं. जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे म्हणून डॉक्टर काम करायचे, जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरायचे आणि उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जंतू जिलेटिन खाऊनच टाकायचे. त्यांची बायको फॅनी हेसे घरी आगर घालून जेली करायची, ते तिला लहानपणी जावामध्ये राहून आलेल्या एका शेजारणीकडून कळलं होतं. १८८१ मध्ये तिने सुचवलं की हे वापरून बघा, आणि आजसुद्धा लघवीची कल्चर टेस्ट करतात ती आगरच्या थाळीवरच. एका बाईच्या स्वयंपाकघरातली युक्ती जगभरच्या लॅबमध्ये गेली, हे मला जेव्हा कळलं तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

विकत घेताना

दोन प्रकार मिळतात, लांब पांढरे धागे आणि पावडर. म्हापशाच्या नाहीतर पणजीच्या मार्केटात सुका मेवा, मसाला विकणाऱ्या दुकानांत धाग्यांचं १० ग्रॅमचं पाकीट सहज मिळतं, पावडर बेकिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात. मला स्वतःला पावडर बरी वाटते कारण मोजता येते आणि लवकर विरघळते, पण धागे स्वस्त पडतात आणि पुडिंगसाठी काहीच वाईट नाहीत. पाकिटावर आयएनएस ४०६ (हा खाद्यघटकाचा नंबर असतो) लिहिलं असेल तर ते आगर. ४०७ म्हणजे कॅरागीनन, तेही शेवाळाचंच पण वेगळं, त्याचं प्रमाण आणि वागणं वेगळं, म्हणून त्याच मापाने घालू नका. आणि रंगीत जेली पावडरची जी पाकिटं असतात ती घेताना हिरव्या ठिपक्याची खूण बघितल्याशिवाय घेऊ नका, त्यातल्या काही पाकिटांत जिलेटिन असतं.

एक विनंती. हणजूण, वागातोरच्या खडकांवर शेवाळ दिसतं, ते बघून काहींना वाटतं की हेच घरी आणून उकळलं तर? कृपा करून करू नका. कुठली जात खायची, त्या पाण्यात काय सोडलं जातं, हे नुसतं बघून आपल्याला कळत नाही. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, शेवाळांचा अभ्यास तिथे शास्त्रज्ञ करतात, ते काम त्यांचं. आपण पाकीट आणावं.

माप

इंटरनेटवर एक चमचा जिलेटिनला इतकं आगर अशी कोष्टकं असतात आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा, कुठे एकास एक, कुठे तीनास एक. मी ती बघणं सोडून दिलंय. जिलेटिन किती लिहिलंय ते विसरा, आपल्याकडे पातळ पदार्थ एकूण किती आहे ते मोजा, दूध, रस, पाणी, कंडेन्स्ड मिल्क सगळं धरून. धाग्यांचं १० ग्रॅमचं पाकीट एक लिटरला घातलं की चमच्याने खायचं मऊ पुडिंग होतं. सुरीने वड्या पाडायच्या असतील तर तेच पाकीट सहाशे ते सातशे मिलीला. पावडर असेल तर सपाट एक टीस्पून, म्हणजे साधारण २ ग्रॅम, पाव लिटरला. सपाट म्हणजे सपाटच, वरून बोटाने निरपून घेतलेला, कारण शिगोशीग भरला तर दीडपट होतो आणि मग रबर.

पण कंपनी बदलली की ताकद बदलते, म्हणून मी काय करते ते सांगते. एक स्टीलची छोटी ताटली आधीच फ्रीजमध्ये ठेवायची. मिश्रण तयार झालं की त्यातला एक चमचा त्या थंड ताटलीवर टाकायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. बोटाने ढकलून बघा. सुरकुती पडून एकसंध सरकलं तर बरोबर. पाणीच राहिलं तर थोडं आगर वेगळ्या पाण्यात उकळून त्यात घाला. खूप घट्ट, खाल्ल्यावर करकर वाटलं तर गरम दूध वाढवा. या दोन मिनिटांनी माझी कितीतरी पुडिंगं वाचलीत, जॅम करताना पाकाचा थेंब बघतो ना तसंच हे.

विरघळवणं, इथेच बहुतेकांचं चुकतं

धागे असतील तर कात्रीने बोटाएवढे तुकडे करा, धुवा आणि थंड पाण्यात वीस मिनिटं ते अर्धा तास भिजत ठेवा. ते फुगून काचेच्या नूडल्ससारखे मऊ होतात. मग त्याच पाण्यासकट मध्यम आचेवर ठेवा, १० ग्रॅमला एक मोठा कप पाणी, आणि उकळू द्या, ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत धागे दिसेनासे होतात पण घाई करू नका. चमचा वर उचला आणि चमच्यावरून ओघळणारं पाणी उजेडात बघा, त्यात बारीक पारदर्शक कण, शेपट्यांसारखे दिसत असतील तर अजून झालं नाही, परत दोन मिनिटं. पूर्ण साफ दिसलं की गाळून घ्या, गाळायचंच, कितीही साफ वाटलं तरी.

पावडर असेल तर थंड पाण्यातच आधी कालवा, गरम पाण्यात टाकली तर गोळे होतात आणि ते गोळे आतून कोरडे राहतात. मग उकळी आणून दोन-तीन मिनिटं बारीक आचेवर ठेवायची. नुसतं गरम पाण्यात ढवळून जिलेटिनसारखं विरघळेल अशी आशा ठेवू नका, उकळी लागतेच.

आता दुधात धागे का दिसतात ते बघा. आगर गरम आहे, दूध फ्रीजमधून काढलेलं, एकत्र ओतलं की आगर तिथल्या तिथे चाळीस अंशांच्या खाली जातं आणि दुधाला मिसळण्याआधीच त्याची जेली होते, तेच ते धागे. म्हणून दूध दुसऱ्या गॅसवर चांगलं गरम असलं पाहिजे, वाफ येईल इतकं, आणि आगराचं पाणी त्यात धारेने ओतायचं, एका हाताने ढवळत. जे काही थंड घालायचंय ते शेवटी आणि खोलीच्या तापमानाला आणून. क्रीम, दही, चीज वगैरेलाही हाच नियम. एवढं सांभाळलं की अर्धी लढाई जिंकली.

आडसराचं पुडिंग

आमच्याकडे सगळ्यांत जास्त होतं ते हेच, आणि मला वाटतं गोव्यात चायना ग्रास ज्या कारणासाठी विकत घ्यावं ते हेच. दोन मोठी आडसरं, म्हणजे शहाळी, घ्या, पाडेलीला (माडावरून नारळ काढणाऱ्याला) आधी सांगून ठेवलं तर तो मलई बघून काढून देतो, अगदी पाण्यासारखी नको आणि खोबऱ्यासारखी घट्ट पण नको, चमच्याने सुटी होणारी हवी. पाणी गाळून बाजूला, मलई वेगळी. अर्धी मलई थोडं आडसराचं पाणी घालून मिक्सरला फिरवायची, अर्धीचे बारीक तुकडे.

१० ग्रॅम चायना ग्रास एक कप साध्या पाण्यात भिजवून, उकळून, गाळून घ्या. दुसऱ्या टोपात ४०० मिली दूध गरम करा आणि त्यात अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क घाला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. दोन्ही एकत्र करून गॅस बंद करा. आता आडसराचं पाणी, २०० मिली, आणि फिरवलेली मलई घाला. आडसराचं पाणी मी कधीच उकळत नाही, उकळलं की त्याचा तो ताजा वास जातो आणि मग नुसती गोड जेली उरते, म्हणून ते शेवटी, खोलीच्या तापमानाचं. दूध आणि आगर एवढे गरम असतात की हे घातल्यावरही मिश्रण साठ-पासष्ट अंशांवर राहतं, सेट होत नाही, काळजी नको. चिमूटभर मीठ घाला, विसरू नका, चव उघडते.

वाट्यांमध्ये ओतल्यावर लगेच तुकडे टाकले तर ते तळाला जातात. पाच-दहा मिनिटं थांबा, वरच्या थरावर अगदी पातळ साय आल्यासारखी दिसायला लागली, वाटी हलवल्यावर कडेची मिश्रणाची रेघ जरा जड हलते, त्या क्षणी तुकडे टाका, ते मधे अडकून राहतात. हा क्षण नेमका पकडायला दोन-तीनदा करावं लागतं पण एकदा नजर बसली की बसली. आमची शेजारची आंटी यावर भाजलेल्या काजूचे तुकडे टाकते, मी टाकत नाही, मला तो मऊपणाच आवडतो.

भिरंडाची जेली

आंबट पदार्थ आगराबरोबर उकळला की आगराची साखळी तुटते आणि जेली ढिली पडते. लिंबू, चिंच, भिरंड (म्हणजे कोकम), संत्रं सगळ्यांना हे लागू. म्हणून भिरंडाचं सरबत कधीही आगरासोबत गॅसवर ठेवायचं नाही. ४०० मिली साध्या पाण्यात अडीच सपाट टीस्पून पावडर कालवून दोन-तीन मिनिटं उकळा, गॅस बंद, दोन मिनिटं थांबा, मग १५० मिली घट्ट गोड भिरंडाचं सरबत ओता, सोबत चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. आंबट आहे म्हणून आगर नेहमीपेक्षा थोडं जास्त धरलंय. ताटात ओतून अर्ध्या तासाने वड्या पाडा. तो गडद लाल रंग पांढऱ्या ताटात इतका छान दिसतो, आणि मासळीच्या जेवणानंतर दोन वड्या तोंडात टाकल्या की बरं वाटतं. आगळ, म्हणजे मीठ घातलेला भिरंडाचा रस, मात्र यात वापरू नका, फार खारट होतं.

आंबट नसलेल्या फळांचं सोपं आहे. मानकुराद आंब्याचा गर एक कप, दूध दोन कप, वरच्याच पद्धतीने, गर शेवटी. अननस आणि पपईबद्दल मात्र एक चांगली बातमी आहे. जिलेटिनमध्ये ताजा अननस घातला तर जेली सेटच होत नाही कारण त्यातलं एन्झाईम जिलेटिनचं प्रोटीन तोडून टाकतं, कच्च्या पपईचंही तसंच. आगर प्रोटीनच नाही, त्यामुळे त्याला काही होत नाही. ताजा अननस बिनधास्त घाला, फक्त त्याचा आंबटपणा लक्षात ठेवा आणि उकळू नका.

नारळाचा रस आणि माडाचा गूळ, दोन थर

हे चवथीला करते, उकडीचे मोदक सोडून दुसरं काहीतरी म्हणून. खालचा थर माडाच्या गुळाचा: २५० मिली पाण्यात सव्वा टीस्पून पावडर उकळायची, त्यात मूठभर चिरलेला माडाचा गूळ विरघळवून गाळायचा, कारण या गुळात कचरा असतोच. वरचा थर नारळाचा पहिला दाट रस. रस आगरासोबत खळखळ उकळायचा नाही, फुटतो आणि तेल वर येतं. आगर पाऊण कप पाण्यात वेगळं उकळा, रस दुसरीकडे फक्त कोमट ते गरम करा, मीठ घाला आणि मिसळा.

थर सुटे होऊ नयेत म्हणून वेळ बघावी लागते. खालचा थर पूर्ण थंड, कोरडा, गुळगुळीत होऊ दिला तर वरचा त्यावर नुसता बसतो, वडी कापताना दोन्ही वेगळे घसरतात. आणि अगदी ओला असताना ओतलं तर एकमेकांत मिसळतात. बोट हलकेच लावलं तर खालचा थर बोटाला किंचित चिकटला पाहिजे पण तुटला नाही पाहिजे, तेव्हा वरचा थर उलथन्यावरून हळू ओतायचा, तोही कडक गरम नको. गार झालं की वड्या. वेलची घाला किंवा घालू नका, माडाच्या गुळाला स्वतःचा वास एवढा असतो की मी घालत नाही.

मूस, मार्शमेलो, असं जे हलकं, फुगलेलं, तोंडात वितळणारं हवं असतं त्याला आगर जमत नाही, ते स्वच्छ कापलं जातं, ताणलं जात नाही. तिथे हट्ट करू नका. पण कमी साखरेचा जॅम घट्ट करायला चिमूटभर आगर फार उपयोगी पडतं.

खाण्यात काय मिळतं

यावर लोक फार मोठमोठं लिहितात. १०० ग्रॅम सुक्या आगरात साधारण ६२५ मिलिग्रॅम कॅल्शियम, २१ मिलिग्रॅम लोह, ३०६ कॅलरी, असे आकडे असतात आणि ते खोटे नाहीत. पण आपण १०० ग्रॅम खातो का? एका वाटी पुडिंगमध्ये आगर जातं एक ग्रॅम. म्हणजे कॅल्शियम सहा मिलिग्रॅम. त्याच वाटीतल्या दुधातून त्याच्या कितीतरी पट मिळतं. तेव्हा लोहासाठी, कॅल्शियमसाठी चायना ग्रास खा असं कुणी म्हटलं तर घरातल्या मुलींना नाचणी आणि पालेभाजी द्या, ते जास्त खरं.

खरा फायदा आहे तो फायबरचा. आगर जवळजवळ सगळंच विरघळणाऱ्या फायबरचं, आपल्या पोटात ते पचत नाही, पाणी धरून ठेवतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि सकाळी पोट साफ व्हायला मदत होते. पाण्याची, बिनसाखरेची जेली केली तर कॅलरी नगण्य. जिलेटिनमध्ये मात्र प्रोटीन भरपूर, जवळजवळ ८५ टक्के, पण तेही अपुरं कारण ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच. म्हणजे प्रोटीनसाठी एकातही अडकायची गरज नाही, डाळ-उसळ आहे ना.

आणि गोड किती ते प्रामाणिकपणे मोजा. कंडेन्स्ड मिल्कच्या १०० ग्रॅममध्ये साखर साधारण ५४ ग्रॅम असते. वरच्या पुडिंगात २०० ग्रॅम घातलं म्हणजे शंभर ग्रॅमपेक्षा जास्त साखर, दहा वाट्या केल्या तर वाटीला दहा-अकरा ग्रॅम. घरात शुगर असलेलं माणूस असेल तर शेवाळाचं आहे, हेल्दी आहे म्हणून दोन वाट्या देऊ नका. सासऱ्यांसाठी मी आडसराच्या पाण्याची नुसती जेली वेगळी करते, वरून साखर अजिबात नाही, आडसराचा आपला गोडवा तेवढाच.

दोन गोष्टींची मात्र खरोखर काळजी घ्या. सुकी पावडर चमच्याने तोंडात टाकून वर पाणी, असं वजन कमी करायला कुणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका, ती घशात फुगते आणि अडकू शकते. आणि लहान मुलांना घट्ट जेलीचे चौकोन देऊ नका, आगर तोंडात विरघळत नाही, आख्खा तुकडा घशात बसू शकतो. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना मऊ करा आणि चमच्याने मोडून भरवा, समोर बसून. ज्यांना आतड्याचा काही त्रास आहे, ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारून खावं.

उपासाला चालतं का हे प्रत्येक घराचं वेगळं. आमच्याकडे एकादशीला आडसराची जेली चालते, माझ्या माहेरी चालत नाही. दोन्ही ठिकाणी मी तिथल्या मोठ्यांचं ऐकते.

ठेवणं आणि दुरुस्ती

फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस. त्यानंतर कडेने पाणी सुटायला लागतं, बिघडलं असं नाही पण चव उतरते. फ्रीझरमध्ये ठेवू नका, आठवा ती जपानी खानावळवाल्याची जेली, गोठून वितळली की आगर पाणी सोडतं आणि मागे स्पंज उरतो, त्याला हवा होता तो, आपल्याला नको. पावसाळ्यात सुक्या धाग्यांना ओल लागते, फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

सेट झालं नाही तर फेकू नका. परत टोपात घाला, वेगळ्या थोड्या पाण्यात सपाट अर्धा टीस्पून पावडर पूर्ण उकळून घ्या, पुडिंग वाफ येईपर्यंत गरम करा, मिसळा, ताटलीवर चमचाभर टाकून बघा, परत वाट्यांमध्ये. आत आडसराचे तुकडे असतील तर आधी गाळून काढून ठेवा आणि नंतर घाला. रबर झालं असेल तर गरम दूध वाढवून पूर्ण वितळवा, त्यासाठी मिश्रण चांगलं उकळीजवळ न्यावं लागतं, नुसतं कोमट करून गुठळ्याच होतील. भिरंडाची बिघडली तर मात्र परत उकळू नका, उकळली की अजूनच ढिली होते. ती तशीच ग्लासात काढा, वर गार पाणी आणि बर्फ, घट्टसर सरबत म्हणून दुपारी सगळे आवडीने पितात.